इमान आलं

आमच्या बोरीत जुनी माणसं विमानाला ‘इमान’ म्हणायची. मी सोनपेठची, सातवी पास. इमान म्हणजे खरेपणा, भरोसा, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन नुकतीच आले होते. एका सकाळी सासूबाई अंगणातून ओरडल्या, “इमान आलं गं, इमान आलं!” मी मनात म्हटलं, अगं बाई, म्हणजे इतके दिवस या घरात नव्हतं की काय!

तेवढ्यात ते आलंच. कपाशीवर औषध मारायचं पिवळं विमान, लिंबाच्या शेंड्याला घासतंय की काय इतकं खाली. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातांनी पळाले आणि ज्वारीच्या कणगीमागं जाऊन बसले. खरं तर पळायला नको होतं, कारण आमच्या सोनपेठला दर बाजाराच्या दिवशी विमान उतरतं, अशी थाप मी सासरी आल्या आल्याच मारून ठेवली होती. नणंदेनं कणगीमागं डोकावून विचारलं, “वहिनी, बाजार भरला का?”

तेव्हापासून ‘इमानाला भ्यालेली’ ही माझी ओळख. हा किस्सा घरात इतक्या वेळा सांगितला गेला की माझी नात लहानपणी पोत्यामागं दडून ‘आज्जी आज्जी’ खेळायची.

त्याच नातीची आता बारावी झाली आणि तिला पायलट व्हायचंय. दिवसभर मोबाईलवर तिच्यासारख्याच विमानवेड्यांशी वाद चाललेले असतात. मी गच्चीवर कुरडया राखायला बसले की ती शेजारी येऊन बसते. वरून पांढरी रेघ ओढत एखादं गेलं की सांगते, “हैदराबादहून निघालंय, दिल्लीला जायलंय.” तिच्यामुळं मला बरंच कळलं. विमानात पायलट दोन असतात आणि दोघं एकच जेवण जेवत नाहीत. एकाचं पोट बिघडलं तर दुसरा ठणठणीत पाहिजे. हे मला लय आवडलं. इंजिन बंद पडलं तरी विमान दगडासारखं पडत नाही म्हणे, घारीसारखं तरंगत खाली येतं.

“घार कोंबडीच्या पिल्लावर उतरती. तुझं इमान कुठं उतरंल?”

“वेळ आली तर रानात बी, आज्जी. तेच तर शिकायचं असतंय.”

जुन्या विमानांवर तर तिचा फारच जीव. आमच्या फवारणीवाल्याचं तिला सगळं पाहिजे. पंख वर होते का खाली? चाकं कशी होती? पंख्याला पाती किती? मला आठवतं ते एवढंच की चालवणाऱ्याला मिशी होती.

“आज्जी, कणगीमागून मिशी कशी दिसली?”

मी कुरडया उलट्या करायला घेतल्या.

तिचे वडील, म्हणजे माझा लेक, झरीच्या शाळेत मास्तर. लेकीचे डोळे त्यानंच तपासून आणले, खर्चाचं बघू म्हणाला, पण हो काही म्हणेना. प्रवेशाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी जेवताना नातीनं विचारलं, “पप्पा, उद्या शेवटचा दिवस हाय. हो का न्हाई?”

“माझं काय न्हाई गं,” तो ताटाकडं बघत म्हणाला. “आज्जीला झेपणार न्हाई. ती इमानाला किती भिती, सगळ्या गावाला माहीत हाय. तू वर फिरशील आन ही खाली जीव मुठीत धरून बसंल.”

पोरीनं माझ्याकडं बघितलं. घास तसाच हातात. आणि माझ्या ध्यानात आलं, माझ्या कणगीमागं आता माझा लेक दडलाय.

म्हटलं, “पोरी, मिशी कशी दिसली ते सांगते. दुसऱ्या दिवशी इमान परत आलं. तुझे आजोबा बांधावर झेंडा धरून उभे, कुठवर मारायचं ते वरच्याला कळावं म्हणून. मी लग्नातलं हिरवं लुगडं नेसले, काजळ घातलं आन कुणी सांगितलं नसताना भाकरी घेऊन निघाले. त्यानं वरून हात केला. मी बी केला. ज्या हातात भाकरी होती तोच. आजोबांनी त्या दिवशी माती झटकून भाकर खाल्ली. तिसऱ्या दिवशी परत गेले.”

“तिसऱ्या दिवशी जांभळं व्हतं. जरीचं,” बाजेवरून आमचे मालक म्हणाले. एरवी त्यांना काही ऐकू येत नाही.

मी थंडच. “तुमाला माहीत व्हतं?”

“चिखलात जरीचं लुगडं नेसून फवारणी बघायला कोण येतंय? म्हणून तर मी बी मिशी ठेवली.”

नातीला ठसका लागला. लेकसुद्धा हसला, पण अर्ध्यातच थांबला.

मी म्हटलं, “बाळा, मी भीत न्हाई. आता तुझं सांग.”

भाताचा गोळा करत तो हळूच म्हणाला, “मलाच भ्या वाटतंय, माय. हिच्यावर भरोसा हाय माझा. विमानावर न्हाई.”

“बोरीत दोन्हीला एकच शब्द हाय रे.”

तेवढ्यात नात म्हणाली, “पप्पा, एक विमान पडलं की कारण हुडकतात आन जगातल्या सगळ्या तसल्या विमानांत दुरुस्ती करतात. तुमी रोज काळी-पिवळी जीपला लोंबकळत झरीला जाता. ती पलटी झाली तर कोण हुडकतंय?”

मास्तर म्हणाला, “सगळी इंजिनं बंद पडली तर काय करशील? दाखव.”

तिनं भाकरीचा तुकडा घेतला, ताटावरून तिरका धरून सावकाश खाली आणला. त्यानं परत करायला लावलं. मग अजून एकदा. शेवटी तिनं तो तुकडा अलगद त्याच्या पिठल्यात उतरवला. त्यानं तो खाल्ला, पाणी प्याला आणि म्हणाला, “सकाळी लवकर ऊठ. परभणीला जाऊन प्रवेशाचं काम करून येऊ.”

ती शिकून आली की पहिल्या खेपेला मलाच बसवणार, असं तिनं मला कबूल केलंय. जांभळं लुगडं मी पेटीतून काढून उन्हात घातलं. घडीवर विरलंय, पण जरीचा काठ शाबूत आहे. मालक मात्र त्या दिवसापासून मला बघितलं की मिशीवरून हात फिरवायलेत.