ज्याचा रस्सा होत नाही असा मासा

आमच्या मोठेबाबांइतका पाण्यावर विश्वास ठेवणारा, आणि पाण्याने इतक्या वेळा तोंडघशी पाडलेला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. शहापूरच्या हायवेपासून आत, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आमचा मासे धरणाऱ्या ढीवरांचा मोहल्ला. तलाव भरला की आम्ही भरलेले, तलाव आटला की आम्ही आटलेले. मधलं काही नाही. माझ्या लहानपणी बरेच उन्हाळे आटलेलेच गेले. तेव्हा घरात कणीची पेज असायची आणि तीही मोठेबाबा "मले भूक नाही" म्हणून आमच्याकडे सरकवायचे. बाबा लवकर गेले. मोठेबाबांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्यांची सगळी माया माझ्याच वाट्याला आली. त्या घरातून रोज शहापूरपर्यंत पायी जाऊन, भंडाऱ्याच्या कॉलेजची बस धरून मी बी.एस्सी. झाले. मोहल्ल्यातली पहिली. हे मी सांगणारच. आमचं कौतुक करायला बाहेरून कोणी येत नाही. आता एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते.

मोठेबाबांचा जन्म डोंग्यात बसून जाळं टाकण्यात गेला, पण त्यांना पोहता येत नाही. विचारलं तर म्हणतात, "बुडाचंच नाही तं पोहाचं कायले?" ते कुठेही गेले तरी आधी तिथलं पाणी चाखतात. लग्नात गेले की नवरदेव राहिला बाजूला, आधी मांडवातल्या पिंपाशी. माझ्या पदवीदानाला मी त्यांना मुद्दाम नवं धोतर नेसवून नेलं. स्टेजवर माझं नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या, आणि मोठेबाबा मागे वॉटर कूलरपाशी उभे राहून ओंजळीतलं पाणी तोंडात घोळवत होते. परत येताना बसमध्ये म्हणाले, "डिगरी चांगली आहे बाई. पण यांच्या पाण्यात जीव नाही." मोठीमाय, म्हणजे त्यांची बायको, दवाखान्यात होती तेव्हा तर त्यांनी डॉक्टरांनाच अडवलं. "साहेब, या पाण्यात वाघूर बी जगत नाही, चिखलात जगणारा मासा तो. माणूस कसा जगन?" डॉक्टर बिचारे हसले. मोठेबाबा हसले नव्हते.

मोठीमायला लकवा झाला होता. बाजाराच्या दिवशी ती मासे घेऊन बसली की तिचा आवाज बैलबाजारापर्यंत जायचा. कोणी मासा शिळा म्हटला की, "शिळं तुझं तोंड आहे बाप्पा, आंघोळ करून ये, मंग मासा पाह्य." उजवा हात, उजवा पाय आणि तो आवाज, तिन्ही एकदमच गेले. घरी आणल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, समोर काहीतरी हलतं ठेवा, मन लागलं तर माणूस परत येतो, नाहीतर आत आत जातो. टीव्ही लावला तर ती डोळे मिटायची. मोहल्ल्यातल्या बाया येऊन रडायच्या, त्याने ती आणखीच भिंतीत शिरायची. मोठेबाबा खाटेच्या पायथ्याशी बसून तिच्या पाठीशी बोलत राहायचे. नवऱ्याने बायकोच्या पाठीशी इतकं बोललेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

मग त्यांनी किराणा दुकानातून बिस्किटांची मोठी काचेची बरणी मागून आणली, तलावातली एक मरळ तिच्यात सोडली आणि बरणी खाटेजवळ ठेवली. आवाजाने मोठीमायने मान वळवली. मरळीकडे नीट पाहिलं आणि वाकड्या तोंडाने एकच शब्द काढला, "मसाला!" आम्ही सगळे हसलो. मोठेबाबा तर टाळी वाजवून हसले. पण तेवढ्यात तिची नजर आपल्या पडलेल्या उजव्या हाताकडे गेली. मासे चिरणारा, पाट्यावर वाटणारा तो हात. तिने पुन्हा तोंड फिरवलं आणि तिची पाठ हलायला लागली. मोठेबाबांनी बरणी उचलली, बाहेर येऊन मला म्हणाले, "आपल्याकडचा मासा पाह्यला का तिले बाजार आठवते. बाजार आठवला का हात आठवते. ज्याचा रस्सा होत नाही असा मासा पायजे बाई."

मी मोबाईलवर एक दाखवला. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढा.

"हा कोणत्या तलावातला?"

"समुद्रातला आहे मोठेबाबा. खारं पाणी लागते."

"मंग समुद्र करू," ते म्हणाले, जणू अंगणात चूल मांडायची होती.

अडचण एवढीच की मोठेबाबांनी समुद्र पाहिला नव्हता. आमच्या घरात समुद्र तोंडात गेलेली माणसं म्हणजे मी एकटी. कॉलेजच्या सहलीत कोकणात एका लाटेने मला पाडलं होतं. त्यामुळे मोठेबाबा बादलीत खडेमीठ कालवायचे आणि मला बोलवायचे. "आठव बरं. असंच होतं का आणखी खारट?" आणि मी, बी.एस्सी., बादलीपुढे उकिडवी बसून बोट चाटायची. मी परोपरीने सांगितलं की समुद्र म्हणजे नुसतं मीठ नव्हे, त्यात दुसरे बरेच क्षार असतात, आणि पाणी आधी महिनाभर फिरतं ठेवावं लागतं. "पाणी मले नको शिकवू," म्हणाले. एक दिवस गुपचूप नागपूरला गेले, मासा पिशवीतून घेऊन आले आणि बादलीतल्या समुद्रात सोडला. सकाळी तो आडवा पडला होता. मोठीमायने पाहण्याआधी मोठेबाबांनी तो ओंजळीत उचलला आणि पाळीवर नेऊन पुरला. जन्मभर ज्यांनी टोपल्यांनी मासे मारले ते त्या दिवशी जेवले नाहीत. "हा मी मारला नाही," पुन्हा पुन्हा सांगत होते. "हा मेला."

त्यानंतर त्यांनी माझं ऐकलं. पाण्याचा एक कॅन रिकामा केला की भरून जाईल एवढीशी काचेची पेटी, समुद्राच्या क्षारांचं पाकीट, छोटा पंप, खारटपणा पाहायची काचेची नळी, पांढरी वाळू, भोकाभोकांचे दोन दगड. पाणी उन्हाने उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची, हे त्यांना इतकं पटलं की त्यांनी काचेवर कुंकवाची रेघ ओढली आणि रोज सकाळी देवाआधी तिथे पाणी वाहायला लागले. महिना झाला तरी पेटीत मासा नाही. शेजारचे दामाजी, त्यांचे डोंग्यातले जुने जोडीदार, रोज डोकावून जायचे.

"मासा कोठे आहे गा?"

"येऊन राहिला."

"समुद्रातून पायी येऊन राहिला का?"

"तू पाय धुऊन ये अंदर. पाणी घाबरते तुले."

पण मी एक गोष्ट पाहिली होती. पंप गुरगुरला की मोठीमाय डोळे उघडायची. रिकाम्या पाण्यातले बुडबुडे चोरून पाहायची आणि कोणी आलं की मिटायची.

मासा आला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. मोठीमायने मान वळवली. मोठेबाबा तिच्या तोंडाकडे पाहत होते. ती बोलली नाही. मासा दगडाआड गेला तशी तिची नजर दगडाआड गेली, बाहेर आला तशी बाहेर आली. दुपार तशीच गेली. मोठेबाबा मला ओढत अंगणात घेऊन आले आणि कानात म्हणाले, "भाव नाही लावला बाई! मसाला नाही म्हटलं!" पुढे घरातला एकुलता एक कूलर पेटीकडे तोंड करून लागला. मोठेबाबा स्वतः कडुलिंबाखाली उकडत बसायचे.

मे महिन्यात वादळ आलं. मोहल्ल्यातला विजेचा खांब आडवा झाला, पंप बंद पडला. थोड्या वेळाने मासा वर येऊन तोंड उघडू लागला. मोठेबाबांनी स्टूल ओढलं, बाही सारली आणि तळव्याने पाण्यावर थाप मारायला सुरुवात केली. थप, थप, थप. आमची जुनी माणसं माशांचं बीज, म्हणजे इवली इवली पिल्लं, हंडीत भरून रेल्वेने आणायची तेव्हा गाव येईपर्यंत अशीच थाप देत बसायची. थाप थांबली की हवा संपते आणि बीज मरतं. आवाज ऐकून दामाजी आले. थट्टा न करता त्यांनी दुसरं स्टूल घेतलं. दोघं म्हातारे आळीपाळीने थाप मारत होते. दिवेलागणीला मोठेबाबांची थाप जड पडू लागली आणि मासा कोपऱ्यात दबला.

तेव्हा खाटेवरून आवाज आला, फाटका, पण आला.

"अजी, हळू मारा. भेऊन राहिला तो."

मोठेबाबांचा हात पाण्यातच थांबला. आम्ही कोणीच हललो नाही. ती चिडली. "पाह्यता काय? सरकवा मले."

आम्ही खाट पेटीला लावली. मोठीमायने डावा हात पाण्यावर ठेवला आणि मूल थोपटावं तशी थाप द्यायला लागली. वीज दुसऱ्या दिवशी आली. तोवर तिघांनी पाणी हलतं ठेवलं आणि मासा जगला.

मोठीमाय बरी झाली नाही. उजवी बाजू गेली ती गेलीच. मोठेबाबांवर ओरडण्यापुरते शब्द तेवढे परत आले, तेही थोडे. दिवाळीनंतर तिला दुसरा झटका आला. तिला पोचवून आल्यावर मोठेबाबा आधी पेटीपाशी गेले आणि त्यांनी माशाला दाणे टाकले. आता घरात पंपाचाच आवाज असतो. मी सुटीच्या दिवशी जाते, पाणी तपासते, सगळं ठीक आहे म्हणून सांगते. ते मान हलवतात. मासा अजून आहे.

मोठीमाय गेली तेव्हा तिचं तोंड भिंतीकडे नव्हतं. मोठेबाबांनी तेवढं केलं.