आठव्या खुंटीवरचा बर्फ

एनिड रेबोल्ड अळ्या पाळायची. टिपटनच्या कालव्यावर गळ टाकणाऱ्या प्रत्येक बाप्याच्या डब्यात तिच्या शेडमधल्या अळ्या वळवळत असायच्या, आणि तरी त्या बाप्यांतल्या एकालाही ती शेजारच्या खुंटीवर, म्हणजे काठावर नंबर ठोकलेल्या बसायच्या जागेवर, बसलेली बघवत नसे. बारा सभासदांच्या त्या क्लबात अकरा पुरुष होते. बारावी एनिड. नवरा होरेस गेल्यावर त्याची जागा विधवेला मागता येते, असं एक जुनं कलम होतं. ते तिनं शोधून काढलं, मीटिंगमध्ये वाचून दाखवलं आणि कालव्याकाठी होरेसच्या गळ-दोऱ्यांच्या पेटीवर जाऊन बसली. ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. सहा वर्षांत तिला कुणी किटलीतला चहा विचारला नव्हता.

ती तरी काय गोड होती म्हणा! चेहरा कायम आंबट आणि जीभ त्याहून. अंगाला अळ्यांचा वास यायचा, तो धुवायचा तिनं कधीच सोडून दिला होता. पण तिला पाणी कळायचं. होरेसला कळत नव्हतं तेवढं कळायचं, आणि हे होरेसनेही मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

गेल्या वसंतात सेक्रेटरी क्लॅरेन्स डँक्सने नवा नियम आणला. हिवाळ्यातल्या सामन्यांत ज्याची जाळी तीनदा कोरडी राहील, म्हणजे एकही मासा लागणार नाही, त्याचं नाव यादीतून कमी. नियम सगळ्यांसाठी होता, असं डँक्स म्हणाला. म्हणताना तो एनिडकडे बघत होता. यादीतून नाव गेलं की क्लबच्या पाण्यात गळ टाकायची बंदी, म्हणजे गॅसच्या कारखान्याच्या भिंतीपासून पुलापर्यंतचा अख्खा कालवा बंद. एनिडला दुसरं काही नव्हतं. शेड होती, आणि रविवारची ती पेटीवरची पाच तासांची बैठक होती.

जानेवारीचा शेवटचा सामना उजाडला तेव्हा तिची जाळी दोनदा कोरडी गेली होती. त्यात तिचा दोष निम्मा. खुंट्यांच्या नंबरांच्या लाकडी चकत्या ज्या पिशवीतून काढायच्या, ती पिशवी सामन्याची शिट्टी सांभाळणाऱ्या सेल्विन हिंगलीच्या हातात असे, आणि सेल्विन ती एनिडपुढे सगळ्यात शेवटी धरी. शेवटी उरे ती जागा तिची. पण खरं सांगायचं तर तो हिवाळाच मेला होता. डँक्सचीसुद्धा जाळी दोनदा कोरडी गेली होती. डँक्सला त्याची फिकीर नव्हती. चाळीस वर्षांत एका हिवाळ्यात तीनदा तो कधी रिकाम्या हाताने उठला नव्हता.

त्या दिवशी पिशवीत तिच्यासाठी नऊ नंबर उरला. शेजारी आठवर डँक्स.

"काय बाईसाहेब," तो म्हणाला, "आज निरोपाचा केक आणलाय की नाही?"

"तुझ्या दातांना झेपेल असा मऊ मिळाला नाही."

सेल्विन हसला आणि डँक्सने त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

कालवा या काठापासून त्या काठापर्यंत गोठला होता, बोटभर जाड. शिट्टीच्या आधी ज्याने त्याने आपापल्या खुंटीसमोरचा बर्फ फोडायचा, अशी पद्धत. दोरीला बांधलेलं लोखंडी वजन भिरकावायचं, धाड्‌, आणि तुकडे काठीने बाजूला सारायचे. सगळ्या काठावर धाडधाड सुरू झाली. एनिडने वजन वापरलं नाही. तिने जुन्या करवतीने बादलीच्या तोंडाएवढं भोक हळूहळू कापलं. थंडीत मासा अर्धमेला होऊन तळाशी पडलेला असतो. त्याच्या डोक्यावर कारखाना चालवला तर तो असेल नसेल तेवढा जीव गोळा करून निघून जातो. हे या अकरा जणांना माहीत नव्हतं असं नाही. पण मोठं मोकळं पाणी दिसलं की त्यांना बरं वाटायचं.

करवत पुसायला चिंधी आणायला ती पुलाकडे गेली आणि परत येऊन बघते तो काय, तिचं भोक गायब. डँक्सने आपल्या समोरचा सगळा बर्फ फोडला होता आणि त्याच्या लाद्या लांब काठीने ढकलून थेट नऊ नंबरपुढे आणून सोडल्या होत्या. लादीवर लादी चढली होती. करवतीचं काम झाकलं गेलं होतं.

"वाऱ्याने आल्या," डँक्स म्हणाला.

वारा नव्हताच. धुराड्यांचा धूर सरळ वर जात होता.

"सेल्विन," एनिड म्हणाली, "हे बघतोयस ना?"

सेल्विनने घड्याळ पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

एनिडला त्या क्षणी डँक्सला पाण्यात लोटावंसं वाटलं. हे मी सजवून सांगत नाही, तिने खरंच दोन पावलं टाकली होती. मग ती पेटीवर बसली. गळ टाकायला जागा नव्हती, म्हणून तिने थर्मास काढला आणि पाऊण तास नुसती बसून राहिली. वरच्या अंगाला बाप्ये कुजबुजत होते. डँक्सने थंडीत कुणी टाकू नये एवढा मूठमूठ चारा पाण्यात टाकला. आपल्याकडे भरपूर आहे हे दाखवायची त्याला सवयच होती.

बसल्या बसल्या रागाचा उकाडा उतरला आणि डोकं चालू लागलं. काठभर धाडधाड झाली. अकरा जागी पाणी उघडं पडलं, वरून उजेड घुसला. मासा पळाला असेल. पळून कुठे जाईल? जिथे अंधार आहे आणि आवाज झाला नाही तिथे. तसं छप्पर आज खुंट्यांसमोर एकच होतं, तेही दुहेरी, आणि ते डँक्सने स्वतःच्या हातांनी नऊ नंबरवर घातलं होतं.

ती उठली. करवतीच्या टोकाने दोन लाद्यांमधली फट तिने अगदी हलक्या हाताने बशीएवढी केली. केसाएवढी दोरी, सगळ्यात बारीक गळ, त्यावर एकच अळी. चारा अजिबात नाही. दोरीवरची तरंगती काडी तिने अशी तोलली होती, की शिशाचा शेवटचा कण तळाकडे गेला की काडीचं फक्त टोक वर राहावं. थंडीतला मासा काडी खाली ओढत नाही, त्याच्यात तेवढा दमच नसतो. तो तोंड उघडून अळी नुसती धरून ठेवतो. मग शिशाचा भार त्याच्या तोंडावर राहतो आणि काडी बसायची, म्हणजे टोकापर्यंत बुडून स्थिर व्हायची, तेव्हा बसत नाही, एवढंच कळतं. बाकीचे काडी बुडण्याची वाट बघत होते. एनिड काडी न बसण्याची वाट बघत होती.

तीन तास ती गळ उचलून पुन्हा सोडत राहिली आणि दर वेळी काडी बसत राहिली. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. तिने अळी बदलली, तोंडात धरून ऊब दिलेली नवी लावली. शेवटची वीस मिनिटं राहिली असताना काडी उभी झाली आणि बसली नाही. एनिडने एक श्वास घेतला, काडी अजूनही बसली नव्हती. तिने मनगट उचललं.

मासा तिच्या मधल्या बोटाएवढा होता, पाठीवर काटे, तोंडावर ओशाळलेला भाव. तिने तो जाळीत सोडला आणि पुढच्या वीस मिनिटांत कुणाकडेही पाहिलं नाही.

शिट्टी झाली. सेल्विन वजनकाटा घेऊन एकेका खुंटीवर फिरला. कोरडी, कोरडी, कोरडी. आठ नंबर कोरडी. नऊवर काट्याची सुई हलली. हललेली सगळ्यांनी पाहिली, त्यामुळे सेल्विनलाही पाहावी लागली. पुढच्या तिन्ही कोरड्या.

बाकी कुणाची तिसरी वेळ नव्हती. डँक्सची होती.

क्लबची मीटिंग पबच्या मागच्या खोलीत व्हायची. खोलीत जाण्याआधी डँक्सने तिला कोटांच्या खुंटाळ्यापाशी गाठलं. त्याचं नाक निळं पडलं होतं.

"एनिड, ऐक. कुणालाच मासा लागला नाही तर सामना रद्द होतो. माहीतच आहे तुला."

"हो. कलम बारा."

"मासा तोंडात लागला नसेल, शेपटीत अडकला असेल, तर तो धरत नाहीत. तू म्हण शेपटीत होता म्हणून. सामनाच रद्द. तुझंही काही जात नाही. तू दोनवर, मी दोनवर. पुढच्या हिवाळ्यापर्यंत हा नियमही मी काढून टाकतो. शपथ."

एनिडने त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. आणि तिचं खरंच काही जात नव्हतं, हेही बरोबर होतं. चाळीस वर्षं हा माणूस दर रविवारी त्या काठावर बसत आला होता. घरी एक बहिरी बहीण आणि एक टीव्ही, एवढंच त्याचं जग. हे तिला ठाऊक होतं, कारण तिचं जग त्याहून मोठं नव्हतं.

"चल, थंडी वाजतेय," ती म्हणाली.

आत वाटाणे आणि मटणाचे गोळे आले होते. कुणी हात लावला नाही. डँक्सने वही उघडली आणि पेन धरून बसला. त्याचं अक्षर सुरेख होतं.

"नऊ नंबर," तो म्हणाला. मग पेन कागदावर टेकवून, "एनिड, मासा कुठे लागला होता?"

सगळे तिच्याकडे बघत होते. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तिच्याकडून काहीतरी हवं होतं. दया येते का, हे तिने काडीकडे बघावं तसं थांबून पाहिलं. नाही आली.

"खालच्या ओठात," एनिड म्हणाली. "लिही. आणि खाली तुझं नाव लिही, नियमासकट. मोठ्याने वाच, सेल्विनला कमी ऐकू येतं."

डँक्सने लिहिलं. मोठ्याने वाचलं. एनिडने वाटाण्यांची बशी पुढे ओढली आणि संपेपर्यंत खाल्ली.