काकांच्या फोनमधली शटरं

“खाली! खलास!”

दुपारचं ऊन टेबलांवर आलं की काका उठायचे, इथल्या, आखातातल्या आमच्या वेस्ट बेच्या ऑफिसातले पडदे सरसर खाली ओढायचे आणि हे म्हणायचे. सगळ्यांची काळजी उगाचच अंगावर घेणारा असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मूळचे नाशिकचे. आम्ही मराठी मंडळी त्यांना नुसतं काका म्हणायचो.

त्यांची लेक ऑस्ट्रेलियात, जंगलाला लागून राहायची. तिकडे उन्हाळ्यात वणवे लागतात, म्हणून काकांनी हट्टानं तिच्या दाराखिडक्यांना रोलर शटरं बसवून घेतली होती. “काच तडकली की ठिणग्या आत शिरतात, मग घर गेलंच समज,” हे ते चहावाल्यालाही हिंदीतून समजावत. शटरं फोनवरूनही चालत. अंगणातला कॅमेरा काकांच्या टेबलावर दिवसभर चालू असायचा.

मग लेकीकडे वास्तुशांत झाली. घरात धुराचा भोंगा वाजेल म्हणून गुरुजींनी होम ऐनवेळी अंगणात हलवला. काकांना हे कोण सांगणार? त्यांना कॅमेऱ्यात धूर दिसला, त्यांनी बटण दाबलं. गुरुजी आणि यजमान बाहेर, पाहुणे आणि शिरा आत!

लेकीकडेच राहणाऱ्या व्याह्यांचा फोन आला. “अहो, लेकीच्याच घरात माणसांना कोंडून घालता? चार माणसांत शोभा झाली आमची!” आवाज आमच्यापर्यंत येत होता. काका उभे राहून म्हणत होते, “चुकलं माझं. माफ करा.”

आम्ही पोट धरून हसलो. पुढे कुणाच्या करक चहातून, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहातून, वाफ निघाली तरी कुणीतरी ओरडायचं, “काका, धूर!” मीही ओरडलोय. काका कसंनुसं हसायचे. नंतर ते फोन पालथा ठेवायला लागले.

जानेवारीतल्या एका सकाळी ते फोन घेऊन माझ्याकडे आले. पडद्यावर अंगण नारिंगी झालं होतं, राख उडत होती आणि शटरं वरच होती. लेक, जावई, कुणाचाच फोन लागत नव्हता.

“काका, दाबा ना!”

“आणि व्याही अंगणात असले तर? एकदा विचारून घेतो रे. पुन्हा शोभा नको.”

“अहो, यल्ला, लवकर!”

बटणावरचा अंगठा काढून त्यांनी पुन्हा लेकीचा नंबर लावला. तेवढ्यात चित्र गेलं.

दुपारी लेकीचा फोन आला. माणसं सुखरूप होती. मागची काच फुटून घर जळालं होतं. “बाबा, आम्हाला नेसत्या कपड्यांनिशी निघावं लागलं. शटरं राहिली. म्हटलं, बाबा बघताहेत ना.”

काकांनी फोन पालथा ठेवला. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

महिन्याभरात राजीनामा देऊन ते लेकीकडे गेले. निघताना मला म्हणाले, “तुम्ही हसलात म्हणून नाही रे. मीच घाबरलो.”

आता दुपारी ऊन थेट डोळ्यांवर येतं. आम्ही डोळे बारीक करून काम करतो. पडदा खाली घ्यायला कुणी उठत नाही.