तळ्यात बघायला बंदी

ऑपरेटरबाईंना कुणी 'आजी' म्हटलेलं मुळीच खपत नसे. लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं, तेव्हा नातवंडांचा प्रश्नच नव्हता. धाकट्या भावाची मुलं त्यांना आत्या म्हणत आणि तेवढं नातं त्यांना पुरत होतं. पण वृद्धाश्रमात राहायला आल्या त्या दिवसापासून जो तो त्यांना आजी म्हणू लागला. चादरी बदलणारी मुलगी, जेवण वाढणारा, दिवे दुरुस्त करणारा, आणि सगळ्यांत गोड आवाजात मॅनेजर. "आजी, आज आपण शहाण्यासारखं सूप संपवलं ना?" असं तो विचारी. त्यावर बाई चमचा खाली ठेवून म्हणत, "मी संपवलं. तुम्ही कुठे होतात?"

त्यांची सगळी नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर गेली होती. आवाज खालच्या पट्टीतला, सपाट, कधी न चढणारा. कुणाचा माणूस गेला, कुणाचं ऑपरेशन बिघडलं, हे नातेवाइकांना कळवायची वेळ आली की डॉक्टर लोक म्हणत, "तुम्हीच करा हो फोन, तुमच्या तोंडून ऐकवतं," आणि हात झटकून मोकळे होत. त्या नोकरीतून बाई एक गोष्ट पक्की शिकल्या होत्या. माणूस भीती सोसतो. आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय, हे मात्र त्याला सोसत नाही.

ज्या खेळाचा पुढं त्यांना नाद लागला, त्याची ओळखही बोर्डावरच झाली. बरोबरची एक ऑपरेटर रविवारी चार टाळकी जमवून कसलासा खेळ खेळायची, आणि एकदा एक भिडू कमी पडला. "नुसतं येऊन बसा," ती म्हणाली, "एका खडूस काकूचं काम आहे. तुम्हाला वेगळी तयारी करावी लागणार नाही." बाईंनी ते हसण्यावारी नेलं आणि गेल्या. टेबलावर चित्रविचित्र बाजूंचे फासे होते, पेन्सिली होत्या, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्या पात्राचा कागद. गोष्ट इंग्लंडातली, दोनशे वर्षांपूर्वीची. राजाला वेड लागलेलं, राजपुत्र त्याच्या नावानं कारभार हाकतोय, आणि बड्या घरांतून मेणबत्त्यांची झुंबरं, घोडागाड्या, हातमोजे आणि लग्नं जुळवण्याची धांदल. आणि या सगळ्या सभ्यपणाच्या खाली, तळघरात, विहिरीत, ताऱ्यांच्या पलीकडे, काहीतरी भलंमोठं पडून असतं. त्याला ना दया, ना राग. माणसं म्हणजे त्याच्या लेखी धूळ. भिडूंनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचं, ठरवायचं, फासे टाकायचे, आणि पुढं काय झालं ते सूत्रधारानं सांगायचं. वर्षभरात सूत्रधाराची खुर्ची बाईंकडे आली. तो आवाज ऐकल्यावर दुसऱ्या कुणाला तिथं बसवायची कुणाची हिंमतच झाली नाही.

मग खुब्याचं हाड मोडलं. जिने चढवेनात. भाऊ-भावजय मनापासून 'आमच्याकडे या' म्हणत होते, पण बाईंना कुणाच्या घरात जपून राहायचं नव्हतं. त्यांनी आपणहून वृद्धाश्रम निवडला आणि खेळाची पेटी बरोबर आणली.

तिथं त्यांनी तीन भिडू हेरले. पहिल्या बेकरीबाई. जन्मभर कणीक तिंबून त्यांचे हात अजून पैलवानासारखे होते आणि त्या हातांना आता काम नव्हतं. त्यांनी दोनदा विधवा झालेल्या एका फटकळ सरदारणीचं पात्र घेतलं. दुसरे मास्तर. आयुष्यभर गणित शिकवलेला, कडक इस्त्रीचा माणूस. तो एकोणीस वर्षांची लग्नाळू वारसदार व्हायला निघाला आणि वर्तमानपत्राची घडी पंख्यासारखी हलवत इतका लाजायला लागला की बेकरीबाईंना हसून ठसका लागला. तिसरे सिग्नलवाले. रेल्वेच्या केबिनमध्ये एकट्यानं बसून काम केलेले, अगदी मोजकं बोलणारे. त्यांनी बटलर निवडला. "हुकूम ऐकायची सवय आहे," म्हणाले.

दर बुधवारी दुपारी काचेच्या व्हरांड्यात खेळ रंगायचा. बाकी दिवस एकमेकांना औषधांच्या वेळा विचारणारी ही माणसं बुधवारी सरदाराचा खून कुणी केला यावर भांडायची. आणि खेळता खेळता त्यांची गोष्ट एका हवेलीतल्या तळ्यापाशी आली. नाचाचा समारंभ चाललेला, पाहुणे बागेत उतरलेले. वर आभाळ गच्च ढगाळलेलं, पण तळ्याच्या पाण्यात मात्र तारे लखलखत होते.

"मी गाडी जोडायला सांगते," बेकरीबाईंची सरदारीण म्हणाली.

"अजून मला मागणी घातली नाहीये कुणी," मास्तर कुरकुरले.

सिग्नलवाले म्हणाले, "मी बघतो आत."

ऑपरेटरबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नक्की? एकदा पाहिलंत की न पाहिल्यासारखं करता येणार नाही."

"बघतो."

त्यांनी फासा टाकला. तो पडायला नको तसा पडला. मग बाईंनी, पूर्वी बोर्डावर सांगत त्याच आवाजात, सांगितलं. पाण्याखाली दुसरं आभाळ आहे. त्यातून काहीतरी चाललंय, इतकं मोठं की ते जाईल तिथले तारे विझतात आणि ते पुढं सरकलं की पुन्हा लागतात. त्याचं तुमच्याशी वैर नाही. तुम्ही इथं उभे आहात, हेच त्याला माहीत नाही.

सिग्नलवाल्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. डोळ्यांत पाणी होतं. "अगदी असंच असतं ते," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी जेवताना सूप परत मागून घेतलं.

त्याच आठवड्यात त्यांच्या मजल्यावर नवीन मदतनीस आली. सिग्नलवाले झोपेत ओरडतात, असं तिनं मॅनेजरच्या कानावर घातलं. मॅनेजरनं त्यांच्या लेकीला फोन केला. लेक धावत आली. बाबा, काय झालं, म्हणून विचारू लागली, आणि कुणीतरी विचारतंय या आनंदात त्यांनी तिला तळं, तारे, पाण्याखालचं आभाळ, सगळं सांगून टाकलं. या खेळानंच बाबा घाबरलेत, असं तिनं धरलं. तिनं तिथल्या तिथं तक्रार केली. दुपारी ऑपरेटरबाई व्हरांड्यात गेल्या तेव्हा कपाटातून पेटी नाहीशी झाली होती आणि टेबलावर रंगीत फुगे ठेवले होते.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"फुगा एकमेकांकडे टोलवायचा," मदतनीस म्हणाली. "खांद्याला व्यायाम होतो, आजी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली काठी टेकत त्या थेट मॅनेजरच्या खोलीत शिरल्या. पेटी त्याच्या टेबलामागच्या फळीवर होती.

"बसा ना, आजी. पाणी देऊ?"

"माझी पेटी द्या."

"हे बघा, आपल्या सगळ्यांच्या भल्यासाठीच आहे. असले भयानक विषय ज्येष्ठांना झेपत नाहीत. आपण आनंदी वातावरण ठेवतो इथं."

"आमच्या मजल्यावरच्या तीन खोल्या या वर्षात रिकाम्या झाल्या," बाई म्हणाल्या. "माणसं मागच्या दारानं नेलीत तुम्ही. कुणी सांगितलं नाही, कुणी नाव काढलं नाही, दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर फुलदाणी ठेवलीत. आणि आम्हाला भीती वाटते ती माझ्या फाशांची, होय?"

मॅनेजरचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला, पण क्षणभरच. मग तो पुन्हा गोड हसला. पेटी परत देईन म्हणाला, एका अटीवर. राक्षस नको, मरण नको, आजारपण नको. नाचबिच, घोडागाडी, छान छान कपडे एवढं ठेवा. आणि पहिल्या वेळी तो स्वतः येऊन बसेल.

"ठीक आहे," ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्यांना ओळखणारं कुणी तिथं असतं तर त्या 'ठीक आहे'नं त्याच्या अंगावर काटा आला असता.

बुधवारी मॅनेजर खुर्ची ओढून बसला. सिग्नलवाल्यांची लेकही वडिलांना भेटायला आली होती, ती दाराशी उभी राहिली. बाईंनी सुरुवात केली. नाचाचा समारंभ आहे. सरबत थंड आहे. सगळ्या पाहुण्यांच्या तब्येती उत्तम आहेत.

"मी तळ्याकडे जाते," बेकरीबाई म्हणाल्या.

"तळ्यात बदकं आहेत."

"आणि?"

"आणि काही नाही. बदकं सुखात आहेत."

मास्तरांनी वर्तमानपत्राचा पंखा एकदा हलवला. "मला कुणी मागणी घातली का?"

"घातली. मुलगा चांगला आहे. घरचे राजी आहेत. तुम्ही सुखी झालात."

"इतक्यात?" मास्तर हिरमुसले.

पात्राच्या कागदाची घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची, एवढंच सिग्नलवाल्यांचं चाललं होतं. बाईंनी सरबताची चव सांगितली, पडद्यांचा रंग सांगितला, आणि मग सपाट आवाजात जाहीर केलं की सगळे घरी गेले आणि झोपले.

मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या. "किती सुंदर. हेच हवंय आपल्याला. दर आठवड्याला करू." त्यानं मोबाइल काढून बाईंचा फोटोही घेतला. बाईंचे दात दिसत होते. त्याला वाटलं हसताहेत.

लेक वडिलांजवळ येऊन बसली. "बघा बाबा, असं किती छान आहे. डोक्याला ताप नाही."

"मी तुझी आई होती तेव्हापासून झोपेत ओरडतो," सिग्नलवाले म्हणाले.

लेक त्यांच्याकडे वळली.

"ती छातीवर हात ठेवायची, मी थांबायचो. तुला कधी कळलं नाही. केबिनखाली एक माणूस गाडीखाली आला होता. धुकं होतं. रुळावर काम करणारा माणूस, दोन पावलं चुकला. माझे सिग्नल बरोबर होते, चौकशीत तसंच निघालं. साहेब म्हणाले, तुमची चूक नाही, विसरा. सगळे म्हणाले, विसरा. पण मी वरून बघत होतो गं. गाडीचं काय त्याच्याशी वैर होतं? तो तिथं आहे, हे गाडीला ठाऊकसुद्धा नव्हतं." त्यांनी ऑपरेटरबाईंकडे बोट केलं. "त्या दिवशी यांनी तळ्यात काय आहे ते सांगितलं, आणि मला वाटलं, चला, हे दुसऱ्या कुणालातरी माहीत आहे."

"मला का नाही सांगितलंत?" लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग होता.

"सांगायला घेतलं की तू म्हणायचीस, बाबा, नका ना विचार करू."

मग ती उठली, मॅनेजरकडे गेली आणि तक्रार मागे घेते म्हणाली. मॅनेजर म्हणाला, आपल्या भावना समजतात, पण आता तसं धोरणच ठरलं आहे. शिवाय आजचा कार्यक्रम सगळ्यांना आवडला.

"कुणाला आवडला?" ऑपरेटरबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला फुगे टोलवणारे थांबले. "माझ्या खोलीचं भाडं मी भरते. माझ्या पेन्शनमधून तुमचा पगार निघतो. मी जन्मभर लोकांना त्यांच्या माणसांच्या मरणाच्या बातम्या दिल्या, आणि तुम्ही मला सांगता की बदकं सुखात आहेत? ही माणसं मुलं वाढवून, माणसं पुरून इथवर आलीत. घाबरायचं की नाही ते त्यांचं ती ठरवतील." मग त्यांनी टेबलावरची पेटी उचलली आणि काखेत मारली. मॅनेजरनं अडवलं नाही. पण व्हरांड्याच्या दारावर दुसऱ्या दिवशी छापील सूचना लागली: भीतिदायक खेळांस मनाई.

तोड काढली बेकरीबाईंनी. त्यांची बेकरी आता सून चालवत होती आणि दुपारी ती बंद असे. "भट्ट्या तेव्हा विझलेल्या असतात, पण ऊब असते," त्या म्हणाल्या. "सुनेला सांगितलंय. ती म्हणाली, या, पण पिठाच्या पोत्यांवर बसू नका." सिग्नलवाल्यांची लेक बुधवारी अर्धी सुट्टी टाकून आपल्या गाडीतून त्यांना नेऊ लागली. आधी ती गाडीतच बसून राहायची. मग थंडीचं निमित्त करून आत आली, आणि एका बुधवारी तिनं हवेलीतल्या स्वयंपाकिणीचं पात्र घेतलं. स्वयंपाकीण पहिल्याच दिवशी तळघरात गेली ती परत आली नाही. लेक इतकी चिडली की परतीच्या वाटेवर कुणाशी बोलली नाही, आणि आश्रमापाशी सगळे उतरत असताना तिनं विचारलं, पुढच्या वेळी दुसरं पात्र मिळेल ना?

ऑपरेटरबाईंचा राग मात्र उतरला नाही. चांगली जागा मिळाली म्हणून अन्याय संपला, असं त्यांना वाटत नव्हतं. मजल्यावरच्या आणखी दोघीतिघींना खेळायचं होतं, पण त्यांना गाडीत चढवत नव्हतं. त्यांच्यासाठी व्हरांडाच हवा होता, आणि व्हरांड्यात फुगे होते. वर त्यांचा तो दात दिसणारा फोटो आश्रमाच्या माहितीपत्रकावर छापून आला, खाली 'आमचे आनंदी ज्येष्ठ'. बाईंनी विश्वस्तांना कडक पत्र धाडलं. फोटो काढून टाका, मनाई उठवा, आणि मेलेल्यांची नावं आम्हाला सांगत जा.

उत्तर आलं ते बुधवारीच. त्यांनी ते बेकरीत, टेबलाशी उभं राहून, बोर्डावरच्या आवाजात वाचून दाखवलं. फोटो पुढच्या छपाईत वगळण्यात येईल. अन्य सूचना योग्य वेळी बैठकीपुढं ठेवण्यात येतील.

मास्तरांनी कागद मागून घेतला आणि शुद्धलेखनाच्या चुकांवर पेन्सिलीनं गोल केले. बेकरीबाईंनी तोच कागद टेबलावर पसरला आणि सुनेनं ठेवलेले ताजे पाव त्याच्यावर काढले. सिग्नलवाले म्हणाले, "पुन्हा लिहा. या खेपेला आम्हीही सह्या करतो."

"लिहिणारच आहे," ऑपरेटरबाई म्हणाल्या. खुर्चीत बसून त्यांनी फासे पुढे सरकवले. "तळ्यावर धुकं उतरलंय. होडीत आधी कोण बसतंय?"