बाबांचा वजीर आज जागचा हललाच नाही

मंडळी, दुपारपासून डोकं बधिर झालंय, म्हणून इथे लिहितोय.

दर रविवारी जेवण झालं की मी इथे जर्मनीत गेर्लिंगेनमधून आणि बाबा नाशिकहून तीन मिनिटांचा बुद्धिबळाचा डाव ऑनलाइन खेळतो. बाबांची पद्धत ठरलेली. दुसऱ्याच चालीला वजीर बाहेर काढायचा, मग त्याला वाचवत पटभर पळायचं. वर चॅटमध्ये टाइप करत बसायचं, "अरे, घोडा सांभाळ! जेवलास का?" त्या टायपिंगमध्येच त्यांचा वेळ संपतो आणि हरतात. किती वेळा सांगितलं, ऐकतच नाहीत.

आज मात्र बाबांच्या नावाने कुणीतरी फार शहाण्यासारखं खेळत होतं. आधी घोडे काढले, मग किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात सुरक्षित ठेवला, वजीर हललाच नाही. चॅटमध्ये एक अक्षर नाही. मी चक्क हरत होतो.

डाव अर्धवट टाकून घरी फोन लावला. ताईने उचलला. आमच्या घरात सगळ्यात चांगलं बुद्धिबळ तीच खेळते.

"ताई, आत्ता कोण खेळत होतं?"

ती रडायलाच लागली. बाबा गुरुवारपासून आयसीयूत आहेत. शुद्धीवर होते तेव्हा तिला म्हणाले, "रविवारी तू खेळ. मी दिसलो नाही तर तो तिकडे एकटा काळजी करत बसेल."

उद्याचं फ्रँकफुर्टहून तिकीट मिळालंय.

घरून 'सगळं ठीक आहे' म्हणतात, तेव्हा खरं काय ते तुम्ही कशावरून ओळखता हो? मी चांगल्या खेळावरून ओळखलं. ताईला हरायला सांगायचं तेवढं बाबा विसरले.