साकवाच्या ठरावाला अनुमोदक नव्हता

सभेच्या नियमांचं पुस्तक मला तोंडपाठ होतं. हे मी कौतुकाने सांगत नाही. तेवढी अक्कल त्या वयात दुसऱ्या कुठल्या कामी लावली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका ग्रामपंचायतीचा मी ग्रामसेवक होतो. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा. पंचायत समित्या नुकत्याच आल्या होत्या आणि आम्हा पोरसवदा ग्रामसेवकांना ट्रेनिंग देऊन सभा कशी चालवायची ते शिकवलं होतं. एकाने ठराव मांडायचा, तो सूचक. दुसऱ्याने उठून ‘माझं अनुमोदन आहे’ म्हणायचं, तो अनुमोदक. मग चर्चा, मग हात वर. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव तिथल्या तिथे पडला, आणि पडलेला विषय तीन महिने पुन्हा सभेपुढे घ्यायचा नाही. मला हे सगळं फार आवडायचं. गावात दुसरं काहीच इतकं नीटनेटकं नव्हतं.

आमच्या सात सभासदांना मात्र सभा ठाऊक होती ती गावकीची. तिथे कर्ता माणूस गोष्ट मांडतो. ज्याला ती पटत नाही त्यानेच तोंड उघडायचं. बाकीचे गप्प बसले की गावाने मान्य केलं. उठून ‘मला मान्य आहे’ म्हणणारा माणूस तिथे आगाऊ ठरतो. याच्या एकट्याच्या जिभेवर काय गाव अडलंय, असं लोक म्हणतात. तेच वळण त्यांनी पंचायतीत आणलं. ठराव मांडला गेला की सगळे जमिनीकडे बघत बसायचे, तंबाखू मळायचे आणि पुढच्या विषयाची वाट बघायचे.

मी काय करायचो? सभा संपली की इतिवृत्तात स्वतःच अनुमोदकांची नावं घालायचो. आज याचं, उद्या त्याचं, कुणी रुसायला नको. दोन वर्षं हे सुखाने चाललं. मग एकदा विस्तार अधिकारी तपासणीला आले आणि त्यांनी नेमकं बोट ठेवलं. ज्याला मी अनुमोदक लिहिला होता तो त्या दिवशी महाडला दवाखान्यात पडून होता. अधिकाऱ्यांनी शिपायादेखत माझी अशी काही खरडपट्टी काढली की कान तापले. पुन्हा असं दिसलं तर घरी पाठवीन, म्हणाले.

त्याच दिवशी मी ठरवलं, यापुढे सगळं नियमाने. ठरवलं ते ठीक होतं. पण सभासदांना मी काहीच सांगितलं नाही. सांगायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं की दोन वर्षं मी तुमच्या नावाने खोटं लिहीत होतो. माझी जीभ वळली नाही. आणि खरं सांगायचं तर आतून मला त्यांचा रागही आला होता. एक साधं वाक्य यांना उठून बोलता येत नाही आणि त्यापायी बोलणी मी खायची.

आता साकवाचं. डोंगरावर धनगरवाडी होती, पंधरावीस घरांची. तिथून एक जण सभासद होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही. वाडी आणि खालचं गाव यांच्यामध्ये एक ओढा. वाडीची सगळी मिळकत दुधावर, आणि ते दूध रोज सकाळी बायका डोक्यावरून खाली हॉटेलांना घालायच्या. मामांची बायको, म्हणजे आमच्या मामी, त्यांच्यात पुढे. ओढ्यावर वाडीकर दोन ओंडके टाकायचे, पावसाळ्यात पाणी ते ओढून न्यायचं, आणि मग चार महिने बायका एकमेकींचा हात धरून पाण्यातून यायच्या. पक्का साकव व्हावा म्हणून पंचायत समितीकडे मंजुरी होती. फक्त पंचायतीचा ठराव मार्चअखेर पोचायला हवा होता.

मामी एकदा ऑफिसच्या दारात चरवी उतरवून उभ्या राहिल्या. “भाऊसाहेब, साकवाचं लिवलंव काय?”

“लिहीन हो मामी, सभा तर होऊ दे.”

“तुमच्या सभेला माजं पाय कळत नायत,” त्या म्हणाल्या. “औंदा गुडगं लई दुखतात. पान्यात उभं ऱ्हावत नाय.”

शिमगा आटोपल्यावर सभा झाली. तपासणीनंतरची ती पहिलीच. साकवाचा विषय पाचवा; आधीचे चार नुसते वाचून दाखवायचे होते, ठराव लागणारा हाच पहिला. मामा उठले, हात जोडले, आणि चार वाक्यांत साकव मांडून खाली बसले. चांगलं बोलले. सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. एकाने चुना मागितला.

मी उभा राहून म्हणालो, “अनुमोदक कोण?”

कुणी हललं नाही. त्यांना वाटलं, नेहमीप्रमाणे मी माझं काहीतरी पुटपुटतोय. मी पुन्हा विचारलं. सरपंचांनी माझ्याकडे बघितलं. मला आज वाटतं, तेव्हा नुसतं खाली वाकून शेजारच्याला म्हटलं असतं, “दादा, हो म्हणा,” तरी भागलं असतं. दोन शब्द. पण मी उभा होतो तो ताठ, आणि मनात होते ते विस्तार अधिकारी. मी तिसऱ्यांदा विचारलं आणि मग म्हणालो, “अनुमोदक नाही. ठराव पडला. विषय सहा.”

पडला म्हणजे काय, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग मात्र सगळे एकदम बोलायला लागले. “अवो, पडला कसा? आमचा कुटं इरोध हाय?” “गप बसलो म्हंजे झालंच की.” सरपंच मला म्हणाले, “भाऊसाहेब, घ्या लिहून. सगळ्यांची संमती आहे.”

मी पुस्तक उघडून पानावर बोट ठेवलं. तीन महिने. सरपंच चष्मा लावून ते वाचत राहिले आणि शेवटी म्हणाले, “असं लिहिलंय खरं.” छापील अक्षरापुढे आमच्याकडे कुणी बोलत नसे.

मामा इतकंच म्हणाले, “तीन म्हयन्यांनी पाऊस असंल, भाऊसाहेब.” रागावले नाहीत. रागावले असते तर कदाचित मीही भांडलो असतो, आणि भांडता भांडता वाकलो असतो. इतिवृत्तात मी लिहिलं, अनुमोदनाअभावी ठराव फेटाळण्यात आला. सहा महिन्यांनी विस्तार अधिकारी आले तेव्हा त्या पानावर त्यांनी ‘ठीक’ असा शेरा मारला. त्या शेऱ्यासाठी मी काय दिलं ते त्यांना माहीत नव्हतं. मला तोवर माहीत झालं होतं.

साकवाची मंजुरी दुसऱ्या गावाला गेली. वाडीकरांनी ओंडके टाकले. आषाढाच्या मध्यावर एका सकाळी बायका ओढ्यात उतरल्या असताना वरून लोंढा आला. बाकीच्यांनी काठ धरला. मामींना धरता आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खूप खाली, सावित्रीच्या वळणावर सापडल्या.

मी वाडीवर गेलो नाही. जायला हवं होतं. चिखल आहे, पाणी आहे, असं स्वतःला सांगत मी ऑफिसात बसलो आणि शिक्के पुसले. माझ्यासारखा भेकड माणूस त्या मुलखात दुसरा नसेल.

श्रावणात सभा भरली. मामाही आले, डोक्याचे केस उतरवलेले. पहिला विषय मीच घातला होता, दुखवट्याचा. ठराव सरपंचांनी मांडला. दुखवट्याच्या ठरावाला अनुमोदक विचारत नाहीत, सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं असतं, एवढंच. ते सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात एक जण घाईघाईने उठला आणि म्हणाला, “माजं अनुमोदन हाय.” त्याच्या मागोमाग दुसरा. “माजं पन.” मग तिसरा. एकेक करून सगळे उठले, आणि कुणी चुकूनही मागे राहू नये म्हणून हात वर करून उभे राहिले. नियम सगळ्यांना आला होता.

मामाही उभे होते. त्यांचाही हात वर होता.

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, “मामा, तुम्ही बसा. तुमचा हात नसला तरी चालतो.”

“नको भाऊसाहेब,” ते म्हणाले, “तिचा ह्यो तरी पडाया नको.”