जर्नलमधली खोटी सही

लाइट गेली की माझ्या टेबलावरचा सर्व्हर बंद पडायचा, त्यात काही नवल नव्हतं. पण लाइट आल्यावर तो उठता उठता पुन्हा कोसळायचा आणि पडद्यावर ओळींचा ढीग ओतून गप्प व्हायचा. ऑनलाइन मीटिंगमध्ये पुण्याच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "तुमच्या जबलपूरच्या विजेचा प्रश्न आहे तो. आमच्या लॅबमध्ये एकदाही होत नाही."

मी जबलपूरच्या रांझी भागातून, घरूनच काम करायची. आमची कंपनी डेटा साठवायची यंत्रं बनवायची. त्यांच्या कर्नेलमधला, म्हणजे यंत्राच्या अगदी गाभ्यातला, फाइली सांभाळणारा भाग आमच्या गटाकडे होता. त्या मीटिंगमध्ये माझ्या तोंडून निघून गेलं, "पण तुमच्याकडे काहून नाही होत, ते तर बघा." 'का'च्या जागी 'काहून' ऐकून दोघं-तिघं हसले. साहेबांनी हसू आवरून निकाल दिला. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर हे काम पुण्यातल्या माणसाकडे जाईल, आणि मला गटात राहायचं असेल तर पुण्याला यावं लागेल.

मला पुण्याला जायचं नव्हतं. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी एवढेच होतो, हे कारण होतंच. पण खरं सांगायचं तर मला राग आला होता. ज्या घरात मी वाढले तिथल्या विजेला नावं ठेवणारे हे कोण? मी उठले, सर्व्हर ऐनवेळी दगा देणाऱ्या इन्व्हर्टरवरून काढला आणि सरळ भिंतीतल्या सॉकेटला जोडला. घे, म्हटलं, आता रांझीची वीज खा.

आमच्या फाइलसिस्टिमची शिस्त साधी होती. डिस्कवर काही बदलायचं तर काय बदलणार ते आधी जर्नल नावाच्या राखीव जागेत लिहायचं, शेवटी 'नोंद पूर्ण' अशी खूण करायची आणि मगच खऱ्या जागी हात लावायचा. मध्येच लाइट गेली तर यंत्र उठल्यावर जर्नल वाचतं. खूण असेल तर राहिलेलं काम पुरं करतं, नसेल तर ती नोंद सोडून देतं.

बुधवारी सकाळपासून मी प्लग काढत आणि लावत बसले होते. दुपारी जर्नलमधला मजकूर उघडून पाहिला तर खूण जागच्या जागी, आणि तिच्या वरची नोंद मात्र अर्धी कचरा. कर्नेल बिचारं खुणेवर विश्वास ठेवून तो कचरा खरा मानायचं, डिस्कवर नसलेल्या जागेचा पत्ता वाचायचं आणि तोंडावर आपटायचं. पण नोंद आधी आणि खूण नंतर, हा क्रम तर कोडमध्ये बरोबर होता. मी तीनदा वाचला.

बाबा चहा घेऊन आले. इथल्या फॅक्टरीत ते मालाच्या तपासणी विभागात होते. "काय करून राहिली बेटा? केव्हाचा प्लग काढून राहिली!"

मी त्यांना नोंद आणि खूण समजावून सांगितली. पडद्याकडे न बघताच ते म्हणाले, "अच्छा. म्हणजे माल तपासायच्या आधीच कोणी तरी सही मारली."

"पण बाबा, क्रम तर बरोबर दिसतो."

"रजिस्टर बरोबरच दिसते. माल ट्रॉलीवर पडला आहे, हे कागदाले काय माहीत?" मग म्हणाले, "मीपण केलं होतं एकदा. तुझ्या आईला सदर बाजारात पिक्चर दाखवायचा होता. दुपारीच पूर्ण पानावर सह्या मारल्या. दुसऱ्या दिवशी मालाची पेटी नापास होऊन परत आली ना!"

ट्रॉली! डिस्कलाही स्वतःची छोटी तात्पुरती मेमरी असते. 'लिहिलं' असं सांगून ती माल तिथेच ठेवते. खूण करण्याआधी 'खरोखर खाली उतरव' असा हुकूम द्यावा लागतो. कोडमधले जुने बदल चाळले, तर तो हुकूम वेग वाढवण्यासाठी काढून टाकला होता. पुण्यात यंत्र कमांड देऊन रीस्टार्ट करत, डिस्कची वीज चालूच राही, ट्रॉली निवांत रिकामी होई. रांझीत लाइट जायची आणि ट्रॉलीवरचा मालही जायचा.

हुकूम काढणाऱ्या त्या बदलाखाली तपासणाऱ्याचं नाव पाहिलं. माझंच होतं. सुट्टीवर निघायच्या घाईत मी 'ठीक आहे' लिहून मोकळी झाले होते. लाज वाटली, पण तेवढ्याने राग काही गेला नाही.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मी पुण्याच्या लोकांना म्हणाले, "रीस्टार्ट करू नका. हाताने भिंतीतला प्लग काढा." त्यांनी काढला. सहाव्यांदा काढला तेव्हा त्यांचंही यंत्र कोसळलं, तोच ओळींचा ढीग.

"आता काहून झालं, साहेब?" मी मुद्दाम विचारलं. या वेळी कोणी हसलं नाही. मग मीच सांगितलं, की तो बदल न तपासता पास करणारी मी. आणि हेही सांगितलं, की ती चूक शोधली रांझीच्या विजेने, आणि मी इथेच राहणार.

साहेब म्हणाले, "पॅच पाठवा. तिथूनच."

काढलेला हुकूम मी परत घातला. एकाच ओळीची दुरुस्ती, तोच पॅच, आणि त्याखाली पाठवणाऱ्याने सही करायची रीत. बाबा खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "तपासलं?"

"चाळीस वेळा प्लग काढला. दरवेळी सर्व्हर नीट उठला."

"मग मार सही."

मी एक्केचाळिसाव्यांदा प्लग काढला, आणि मग सही केली.